जर्दाळू रंगाचं पान

सोमवारी सकाळी नेव्हिल डिरीनने ऑफिसातला संगणक सुरू केला आणि पान पांढरं आलं.

तसं बघितलं तर पान पांढरंच असतं. शेजारी किएरनचं पांढरं होतं, खिडकीपाशी जॅनेलचं पांढरं होतं, आणि त्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. पण नेव्हिल या टेबलावर बसायला लागला तेव्हापासून त्याचं पान जर्दाळूच्या रंगाचं होतं. पिकलेल्या नव्हे, अजून झाडावर असलेल्या, थोड्या कच्च्या जर्दाळूच्या. माउस जिथे नेईल तिथे ओळीखाली एक जाड पट्टी सरकायची, वरच्या-खालच्या ओळी फिक्या व्हायच्या आणि अक्षरं एकमेकांपासून जरा दूर दूर उभी राहायची. आज रंग नव्हता, पट्टी नव्हती, वरच्या कोपऱ्यात जे छोटं चित्र असायचं तेही नव्हतं. त्याने संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. पुन्हा पांढरं. रुग्णांची दिवसाची यादी समोर होती: नाव, पत्ता, कुठून कुठे न्यायचं, किती वाजता. आधी ती अक्षरं नीट उभी होती. मग बघता बघता हलायला लागली, धक्क्याला बांधलेल्या होड्या हलतात तशी. तिसऱ्या ओळीतला पत्ता चौथीत उतरला, चौथीतली वेळ तिसरीत चढली, आणि शब्दांमधल्या पांढऱ्या जागा एकमेकींना मिळून वरून खाली वाहायला लागल्या. नेव्हिलने डोळे मिटले. मिटल्यावरही पांढरंच दिसत होतं.

"तुझंही गेलं?" किएरनने खुर्ची मागे ढकलत विचारलं.

"काय?"

"अरे, एक्स्टेन्शनं! ब्राउझरला आपण जी जी शेपटं लावून घेतली होती ना, ती सगळी आयटीवाल्यांनी एका फटक्यात छाटली. शुक्रवारी मेल आली होती की. मेलबर्नमध्ये कुणीतरी साहेब खुर्चीत बसला आणि म्हणाला, मंजूर यादीत नाही ते काढून टाका. माझे पासवर्ड गेले. जाहिराती अडवणारं गेलं, आता बघ, दर पानावर मला गुडघेदुखीचं मलम विकतायत. आणि कोपऱ्यात फूटीचा, आपल्या फुटबॉलचा, स्कोअर यायचा तोही गेला. आता मी इथे दिवसभर करायचं काय, नेव्ह? काम?"

नेव्हिल हसला. हसणं त्याला वेळेवर जमायचं. लोक काही वाचून दाखवायला लागले, एखादा कागद हातात देऊन 'बघ काय लिहिलंय' म्हणाले, की त्यांच्या चेहऱ्याकडे बघत त्यांच्याबरोबर हसायचं, त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या की आपणही घालायच्या. हे तो शाळेत शिकला होता, आणि शाळेत शिकलेलं बहुतेक तेवढंच. नदीकाठच्या त्या शाळेत तो ढ होता. मागच्या बाकावर बसायचा, फळा पुसायला उठायचा, बाईंची मोटार धुवायचा. एकदा ऐकलेलं तो विसरायचा नाही, म्हणून पुढे त्याचं अडलं नाही. जस्ताच्या कारखान्यात यंत्राच्या आवाजावरून काम चालायचं. नंतर रुग्णांना घरून इस्पितळात आणि इस्पितळातून घरी नेणाऱ्या या संस्थेत तो गाडी चालवायला लागला तेव्हा पत्ता वायरलेसवर सांगायचे, आणि सांगितला की तो मनात बसायचा. मग खांदा गेला. व्हीलचेअर उचलायची नाही असं डॉक्टरने सांगितलं, आणि जॅनेलने, ती तेव्हा नुकती मुख्य झाली होती, त्याला वर ऑफिसात टेबल दिलं. "तुला सगळे पेशंट नावाने माहीत आहेत, नेव्ह. तूच गाड्या लाव." सगळ्यांना वाटलं, बढती मिळाली. नेव्हिल त्या संध्याकाळी घरी जाऊन मागच्या दारी, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी, बराच वेळ उभा राहिला होता. कॉरल बाहेर आली. ती म्हणाली, "यादी पडद्यावर असते का रे?" तो म्हणाला, "हो." ती म्हणाली, "बरं." तिच्या 'बरं'मध्ये काम सुरू झालेलं असायचं.

आता कॉरल नव्हती. मागच्या थंडीत गेली. आणि यादी पडद्यावर होती.

सोमवार त्याने कसाबसा रेटला. बोट लावून वाचलं, पण बोटाला ओळीची जाडी कळत नव्हती. मग वहीचा पुठ्ठा धरला, तेवढ्यात पान आपोआप वर सरकलं. दुपारपर्यंत डोक्यात एका बाजूला कुणीतरी खिळा ठोकतंय असं वाटायला लागलं. त्याने आयटीच्या मदत क्रमांकावर फोन केला. तिकडचा मुलगा सभ्य होता.

"नाव?"

"नेव्हिल डिरीन."

"तुमचं नाही, एक्स्टेन्शनचं."

नाव नेव्हिलला माहीत नव्हतं. ते कॉरलने लावून दिलं होतं. ऑफिसात रविवारी कुणी नसतं तेव्हा ती त्याच्याबरोबर आली होती, येताना थर्मास आणि सँडविच घेऊन, सहलीला आल्यासारखी. त्या काळी कुणीही काहीही लावून घेत असे. "ते... पिवळसर आहे," तो म्हणाला. "जर्दाळूसारखं."

"जर्दाळू," तिकडून टाइप केल्याचा आवाज आला. "आणि कामासाठी गरज काय?"

शेजारी किएरन बिस्किट चहात बुडवून खात होता. त्याचे दोन्ही कान मोकळे होते.

"सोय होते," नेव्हिल म्हणाला.

तक्रार नोंदली की आयटीवाले तिला तिकीट म्हणतात. तासाभरात नेव्हिलचं तिकीट बंद झाल्याची मेल आली. ती त्याने पुठ्ठा धरून, ओठ हलवत, दोन खेपांत वाचली. सोय हे कारण पुरेसं नव्हतं. त्याने आणखी दोनदा फोन केला, उत्तर तेच आलं.

मंगळवारी जे व्हायचं ते झालं. मिस्टर नोवाक ग्लेनॉर्कीला राहायचे. तरुणपणी पोलंडहून इथे धरणांवर काम करायला आले, पुढे बायको गेली, मग मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा त्यांना इस्पितळात मशीनला लावायला न्यावं लागे. नेव्हिल गाडी चालवत होता तेव्हा कित्येक वर्षं तोच त्यांना न्यायचा. त्यांच्या ओळीवर नेव्हिलची नजर घसरली आणि खालच्या ओळीतली वेळ त्यांच्या गाडीला लागली. फोन वाजला तेव्हा सकाळ अर्धी संपली होती.

"कोण, नेव्हिल का? मी पायरीवर बसलोय. माझा चहा झाला. माझा पेपर झाला. आता शेजाऱ्याचं कुत्रं बघतोय. कुत्रं पण मला कंटाळलंय. गाडी कुठे आहे?"

"मिस्टर नोवाक, तुम्ही आत जाऊन बसा. बाहेर गार आहे. मी आत्ता पाठवतो."

"आत गेलो की ड्रायव्हर म्हणतो, घरात कुणी नाही. मला माहीत आहेत तुमचे ड्रायव्हर. तू होतास तेव्हा गोष्ट वेगळी होती."

गाडी पोचली तेव्हा त्यांची मशीनची वेळ अर्धी उलटून गेली होती, मागे दुसरा पेशंट होता, उरलेल्या वेळात जेवढं रक्त धुतलं गेलं तेवढं गेलं. इस्पितळातली नर्स फोनवर ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "त्यांचे पाय सुजलेत. पुन्हा असं नको." ओरडली असती तर बरं झालं असतं. नेव्हिलने खिडकीबाहेर बघितलं. डोंगराच्या माथ्यावर पहिला बर्फ पडला होता, जरासाच; इथे थंडी ईस्टरच्या सुमारास सुरू होते. कॉरल त्याला म्हणायची, "तुझे डोळे पांढऱ्यावर घसरतात, नेव्ह, एवढंच. बर्फावर सगळेच घसरतात." असं सांगायची जसं काही त्याला थंडी जरा जास्त वाजते. पण या वेळी घसरला होता तो आणि पाय सुजले होते नोवाकचे.

जॅनेलने त्याला छोट्या खोलीत बोलावलं. त्या खोलीत दोन मऊ खुर्च्या होत्या आणि नाक पुसायच्या कागदांचा डबा. नेव्हिलला ती खोली आवडत नसे, तिथे बोलावलं म्हणजे समोरच्याने आधीच काहीतरी ठरवलेलं असायचं.

"बस. मी रागावलेली नाहीये," जॅनेल म्हणाली. "कॉरलला जाऊन अजून वर्षही झालं नाही. तू फार लवकर परत आलास, मी तेव्हाच म्हणत होते. माझे वडील गेले तेव्हा मी एकदा गाडी सोडून चालत घरी गेले होते, आठवतंय? गाडी रात्रभर बाजारात. दुःखात माणसाचं लक्ष लागत नाही. तू ईस्टर होईपर्यंत सुट्टी घे. पगारी. नोवाकच्या बाबतीत मला वर कळवावं लागेल, तर मी तसंच लिहिते. घरचं दुःख, लक्ष विचलित. कुणी तुला एक शब्द विचारणार नाही."

ती मनापासून बोलत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नेव्हिलने फक्त मान हलवायची होती. मान हलवणं काय कठीण? सगळं झाकलं गेलं असतं. आता इथून पुढे तो जे जे चुकेल, ज्या ज्या ओळीवरून घसरेल, त्यावर कॉरलच्या जाण्याची चादर घालता आली असती, आणि लोकांनी ती आपणहून, प्रेमाने घातली असती. त्याची मान थोडी हललीही. मग त्याच्या मनात ते वाक्य जसं लिहिलं जाईल तसं उभं राहिलं. कॉरल गेली म्हणून नोवाक पायरीवर बसून राहिला. कॉरल होती म्हणून तर नोवाक इतकी वर्षं कधी पायरीवर बसला नव्हता. दुःख त्याला होतं, ते कुणी नाकारत नव्हतं. ते सकाळी उठल्यावर पलंगाच्या दुसऱ्या बाजूला असायचं, दुकानात लोणी घेताना असायचं, कारण लोण्याचं पाकीट आता छोटं घ्यायचं. पण त्या दुःखाने कधी त्याची एक ओळ चुकवली नव्हती. उलट ऑफिसात येऊन ते पान उघडलं की त्याला बरं वाटायचं. तिने रंगवून ठेवलेल्या खोलीत येऊन बसल्यासारखं.

"मला गुरुवारपर्यंत वेळ दे," तो म्हणाला.

"कशाला?"

"दे."

जॅनेलने त्याच्याकडे बघितलं. "बरं. पण तोवर यादी किएरन बघेल. तू फोन घे."

घरी जाताना त्याने मासळीच्या दुकानातून खाणं घ्यायचं ठरवलं. तिथे भिंतीवर पाटी होती, सगळे पदार्थ खडूने लिहिलेले. त्याच्या पुढच्या बाईने काहीतरी मागितलं आणि नेव्हिल म्हणाला, "मलाही तेच." बोलल्यावर त्याला हसू आलं. लग्नाच्या आधी तो कॉरलला घेऊन बाहेर जायचा तेव्हा प्रत्येक वेळी हेच म्हणायचा. तू घेशील तेच मला. तिला आधी वाटलं, केवढं प्रेम! मग एकदा तिने मुद्दाम कालवं मागवली, जी त्याला सोसायची नाहीत हे तिला माहीत होतं, आणि त्याने मुकाट्याने तीच मागवली. ती शाळेत लहान मुलांना वाचायला शिकवायची. तिला कळलं. त्यानंतर हॉटेलात गेले की ती यादी हातात धरून मोठ्याने वाचायला लागली, स्वतःशी बोलल्यासारखी. "काय बरं घ्यावं? स्कॅलप शिंपल्यांची पेस्ट्री आहे. मटणाचा रस्सा आहे, त्याच्याबरोबर भोपळा. फ्लॅटहेड मासा तळलेला. फ्लॅटहेड घ्यावा का? की पेस्ट्री?" आयुष्यभर वाचत राहिली. वेटर कंटाळायचे. त्याची बहीण म्हणायची, "कॉरलचं बाई काही लवकर ठरत नाही." कॉरल म्हणायची, "हो ना, माझं असंच आहे." आणि तो शेजारी बसून ऐकून घ्यायचा, आणि सगळं ऐकून झालं की म्हणायचा, "मला रस्सा." दुकानदाराने पुडकं हातात दिलं. घरी येऊन उघडलं तर स्क्विड होता. त्याने खाल्ला.

एक्स्टेन्शनचं नाव कॉरलच्या लॅपटॉपवर सापडलं असतं. लॅपटॉप मागच्या खोलीत, तिच्या शिवणाच्या टेबलावर होता. तिच्यामागे तो कुणी उघडला नव्हता. नेव्हिलने तो विजेला जोडला आणि खिडकीबाहेर नदीवरचा उजेड जाईपर्यंत तसाच उभा राहिला. उघडायला कुलूप नव्हतं, तिने कधी लावलंच नाही. पडदा उजळला, तिने शेवटचं बघितलेलं पान आलं, आणि ते पान जर्दाळूच्या रंगाचं होतं.

त्याला आधी काहीच वाटलं नाही. पान जसं असायला हवं तसंच होतं. मग हळूहळू लक्षात आलं. तिला पांढरं पान छान दिसायचं. तिच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं, म्हातारपणी चष्मासुद्धा जेमतेम लागला. तिला हा रंग कशाला हवा होता? तिने तो त्याच्यासाठी लावून ठेवला होता, तो कधी येऊन शेजारी बसला तर त्यालाही वाचता यावं म्हणून. तो बसायचाही. हवामान बघायला, भाचीचे फोटो बघायला. त्याला ते पान जर्दाळू आहे हे कधी दिसलंच नाही, कारण ते त्याला नुसतं बरोबर दिसायचं. आणि ती चार वर्षं सगळं त्या रंगात वाचत राहिली. शाळेची पत्रं, विणकामाचे नमुने, मग शेवटी शेवटी इस्पितळातून आलेले अहवाल, ज्यांचा अर्थ ती त्याला संध्याकाळी निवांतपणे समजावून सांगायची. तेही तिने त्याच्या रंगात वाचले. नेव्हिल तिच्या खुर्चीत बसला. कोपऱ्यातल्या चित्रावर त्याने माउस नेला आणि नाव उमटलं. ते त्याने एकदा मोठ्याने वाचलं. मग पडदा मिटवला. तिचं एक बोलणं त्याला आठवलं, बरंचसं टाळूनही आठवलं. ती बिछान्यात होती. "नेव्ह, ऑफिसात कुणाला तरी सांगून ठेव. मी आहे तोवर ठीक आहे." तो "हो" म्हणाला होता. 'हो' म्हणताना तिच्या उशीकडे बघत होता.

बुधवारी आयटीची लोसा आली. ती लॉन्सेस्टनच्या ऑफिसातून दोन दिवसांसाठी यायची. सामोआ बेटांवरची बाई होती, तिशीतली, मोठ्याने हसणारी. तिच्यापेक्षा मोठ्या सगळ्यांना ती अंकल, आंटी म्हणायची, आणि किएरन म्हणायचा की मला दादा म्हण, तर म्हणायची, दादासारखा वाग. त्या दिवशी सगळे तिच्यावर तुटून पडले होते.

"माझ्याकडे नका बघू असे," ती म्हणाली. "नियम मी केला नाही. केला असता तरी हाच केला असता." मग नेव्हिलच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. "बोला अंकल. तुम्ही तीनदा फोन केलात असं दिसतंय. नाव मिळालं?"

त्याने नाव सांगितलं. तिने ते टाइप केलं आणि वाचत राहिली. वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावरून नेव्हिलला पुष्कळ कळायचं. बातमी चांगली नव्हती.

"हे ज्याने बनवलं ना, त्याने ते मागच्या वर्षी विकलं. नवा मालक कोण ते धड कळतही नाही. आणि हे बघा, सगळ्या पानांवरची तुमची सगळी माहिती वाचायची याला परवानगी आहे. तुम्हीच दिलेली."

"मी नाही. कॉरलने."

"मग त्यांना विचारा, त्यांनी लावताना—"

"ती नाही आता."

लोसाचे हात थांबले. "माफ करा, अंकल. मला माहीत नव्हतं."

"म्हणजे मी जे वाचतो," नेव्हिल सावकाश म्हणाला, "ते तेही वाचत होते?"

"वाचलंच असेल असं नाही. वाचता येत होतं. पेशंटचं नाव, पत्ता, आजार. म्हणून हे मी सुरू करू शकत नाही. माझी आई या यादीत असती तर मीही तुम्हाला करू दिलं नसतं."

त्याला रागवायचं होतं. सोमवारपासून त्याने राग साठवून ठेवला होता, मेलबर्नच्या त्या खुर्चीतल्या साहेबासाठी. पण तो राग ठेवायला आता जागा सापडेना. इतके दिवस त्याच्या खांद्यावरून कुणीतरी अनोळखी माणूस यादी बघत होता. त्याच्या खांद्यावरून वाचायचा हक्क एकाच माणसाचा होता. "नको मग ते," तो म्हणाला. "काढलंत ते बरं केलंत."

"पण तुम्हाला ते हवं कशाला होतं, ते तुम्ही सांगतच नाही," लोसा आवाज उतरवून म्हणाली. "सोय म्हणता. सोयीसाठी कुणी तीनदा फोन करत नाही, अंकल. खरी गरज असेल तर ऑफिस तपासलेलं, चांगलं काहीतरी घेऊन देऊ शकतं. जॅनेलची सही लागते, थोडे आठवडे जातात. पण सांगावं लागतं. अंदाजाने मी काय मागू?"

किएरन फोनवर होता, पण त्याचं डोकं इकडे कललं होतं. "उद्या," नेव्हिल म्हणाला.

तोवरचं काहीतरी बघायला हवं होतं. संध्याकाळी त्याने स्वयंपाकघरातले सगळे खण उपसले. हे टेबल मिळालं त्या आठवड्यात कॉरलने शाळेतून रंगीत जिलेटिनचे कागद आणले होते. याच टेबलावर वर्तमानपत्र पसरून ती एकेक कागद त्यावर ठेवायची. निळा. "आता?" हलतंय. हिरवा. "आता?" हलतंय, पण सावकाश. गुलाबी, पिवळा. कशानेच जमेना. मग तिची नजर फ्रिजवर गेली. शाळेच्या ईस्टरच्या सोडतीत तिला चॉकलेटच्या अंड्यांची टोपली लागली होती, अजून बांधलेलीच होती. तिने वरचा कागद टर्रकन फाडला, अंडी घरंगळत जमिनीवर गेली, आणि तो कागद तिने भरती-ओहोटीच्या कोष्टकावर ठेवला. नेव्हिल मासे धरायला जायचा, पण भरतीची वेळ नेहमी दुसऱ्याला विचारायचा. कागदाखाली आकडे उभे राहिले. राहिले ते राहिलेच. त्याने एक ओळ वाचली, मग दुसरी, मग पूर्ण आठवडा वाचून काढला, आणि कॉरल जमिनीवर बसून अंडी गोळा करत रडत होती. नंतर तिने पडद्यासाठी एक्स्टेन्शन शोधलं तेव्हा तोच कागद पडद्याला लावून रंग जुळवला. तो कागद नेव्हिलला सापडला, रबरबँडांच्या खाली, घडी घातलेला. पण मधली वर्षं तिने तो खिडकीच्या काचेला चिकटवला होता, आवडायचा म्हणून, आणि उन्हाने त्याचा रंग पार उडाला होता. उजेडाकडे धरला तर पलीकडचं खुराडं स्पष्ट दिसत होतं, आहे त्या रंगात. नेव्हिलने तो परत घडी घालून ठेवला. रडू येईल असं त्याला वाटलं होतं, पण आलं नाही. काय करायचं ते ठरलं होतं, फक्त कसं ते ठरायचं होतं.

गुरुवारी सकाळी चहाला सगळे जमले. ईस्टर जवळ आला होता, प्रत्येकाने घरून काहीतरी आणलं होतं. कुणी क्रॉसवाले बन, कुणी लोण्यात बुडालेला केक. टेबलाच्या मधोमध सोडतीची टोपली होती, दरवर्षी असते तशी, अंडी आणि वाइनची बाटली भरलेली, वरून चकाकत्या कागदात बांधून मोठी गाठ मारलेली. ती महिनाभर तिथे होती. नेव्हिल रोज तिच्यासमोर उभा राहून चहा ओतत होता. आज त्याने कप खाली ठेवला आणि बघत राहिला. कागद जर्दाळूचा नव्हता. थोडा जास्त केशरी. पण जवळचा.

"नेव्ह," जॅनेल त्याच्या कोपराला हात लावून म्हणाली, "सुट्टीचा अर्ज मी भरून ठेवलाय. तू फक्त सही कर."

"मी सुट्टी घेणार नाही, जॅनेल," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. सगळे वळून बघायला लागले. "आणि नोवाकच्या बाबतीत घरचं दुःख लिहू नकोस. कॉरलचा त्यात काही संबंध नाही. मला पांढऱ्या पानावरचं वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. अक्षरं हलतात, ओळी एकमेकींत जातात. शाळेत होतो तेव्हापासून. कॉरलने मला इथे रंग लावून दिला होता, त्यावर मी वाचायचो. सोमवारी तो गेला. गेला ते योग्यच झालं, लोसा सांगेल तुला का ते. पण मला दुसरा लागेल. त्याशिवाय मी यादी बघितली तर माणसं पायरीवर बसतील."

कुणीतरी चमचा बशीत ठेवला.

"म्हणजे मी सोमवारपासून," किएरन म्हणाला, "तुझ्या कानाशी फूटीच्या स्कोअरसाठी गळा काढतोय, आणि तू..."

"तू गळा काढलास की बरं वाटतं मला."

"साल्या, सांगायचंस ना!"

"सांगतोय की."

जॅनेलने तोंडावर हात ठेवला होता. "नेव्ह, मी तुला ती यादी दिली. मीच दिली. विचारलंही नाही."

"विचारलं असतंस तर मी हसून वेळ मारून नेली असती," नेव्हिल म्हणाला. त्याने खणातून कात्री काढली आणि टोपलीची गाठ कापली.

"अरे अरे अरे!" किएरन ओरडला. "सोडत व्हायचीय अजून! मी दहा तिकिटं घेतलीयत!"

"अंडी तुम्हाला. कागद मला."

कागद सोडवताना चरचर वाजत होता. त्याने तो दोन्ही हातांनी समोर धरला. पलीकडे सगळे केशरी झाले होते, जॅनेल, किएरन, केकचा चाकू हातात धरून उभी राहिलेली लोसा. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि तो त्यांच्याकडे बघत होता. त्याने कागद खाली घेतला, आपल्या टेबलाशी गेला आणि पडद्यावर चिकटपट्टीने लावायला लागला. एका हाताने जमेना, कोपरा सुटायचा. किएरन आला, त्याने तो कोपरा धरला. मध्ये एक सुरकुती राहिली. ती लोसाने हाताने सारखी केली.

"हे चालेल?" नेव्हिलने तिला विचारलं. "नियमात?"

"याला इंटरनेट लागत नाही," लोसा म्हणाली. "हे कुणाला काही सांगत नाही. नियमात याच्याबद्दल एक शब्द नाही, अंकल. आणि तो दुसरा अर्ज आजच भरायचा. मी लिहिते, तुम्ही सांगा."

"मी सांगतो. पण पाठवायच्या आधी मीच वाचून बघणार."

किएरनने कुठूनतरी लाकडी फूटपट्टी आणून त्याच्या हातात दिली होती. नेव्हिल बसला. उद्याची यादी उघडली, पान स्थिर केलं, पट्टी पहिल्या ओळीखाली धरली. अक्षरं हलली. त्याने वाट बघितली. रंग कॉरलचा नव्हता, हे त्याला कळत होतं, तो रंग पुन्हा कुठे मिळणार नव्हता. अक्षरं अजून एकदा हलली, मग उभी राहिली. पट्टी खाली, आणखी खाली, नोवाकच्या ओळीपर्यंत आली. सगळे अजून मागे उभे होते. इतक्या लोकांसमोर त्याने कधी काही वाचलं नव्हतं. त्याने मोठ्याने वाचलं, सावकाश, हॉटेलातली यादी वाचावी तसं: नाव, ग्लेनॉर्कीचा पत्ता, इस्पितळ, वेळ. मग फोन उचलला.

"मिस्टर नोवाक, नेव्हिल बोलतोय. पाय कसे आहेत?"

"पाय आहेत. बूट जात नाही. उद्याचं काय, तुझी गाडी येणार की मी कुत्र्याला निरोप देऊ?"

"पावणेनऊला येणार."

"मागच्या वेळी पण अशीच सांगितली होतीस वेळ."

"मागच्या वेळी अंदाजाने सांगितली होती," नेव्हिल म्हणाला. "आता वाचून सांगतोय."

फोन ठेवला आणि त्याने पट्टी पुढच्या ओळीखाली सरकवली.